४,२९,४९,६७,२९७ मूळ संख्या नाही
२ पायाची फर्मा चाचणी (न ही संख्या मूळ असेल तर २^(न−१) ला न ने भागून बाकी १ उरायला हवी, ते तपासणं) पास झाली म्हणून ही संख्या मूळ, असा निष्कर्ष काढला गेला, तो चुकला. संख्या म्हणजे २^३२ + १. तिने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी), म्हणून २^६४ ची १, आणि चाचणीतला घात २^३२ हा ६४ च्या पटीत आहे. मग चाचणी पास होणारच! पाया ३ घ्या, लगेच नापास.

अवयव ६४क + १ याच रूपाचे असतात. त्यामुळे या रूपाच्या मूळ संख्यांनीच भागून पाहायचं: १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचव्या प्रयत्नात ६४१. गणितज्ञ ऑयलरला १७३२ मध्ये हाच सापडला. ताळा: ६४१ × ६७,००,४१७.

कागदावरही जमतं. ६४१ = ५×२^७ + १ = ५^४ + २^४. ६४१ ने भागल्यावर, पहिल्यावरून ५×२^७ ची बाकी −१, चौथा घात घेतला की ५^४×२^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून त्यात ५^४ च्या जागी −२^४ टाका, −२^३२ ची बाकी १ येते, म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो.

प्रोग्रॅममध्ये ३२ बिटांचा पूर्णांक घेऊ नका, संख्येचा नुसता १ उरतो.