यादी पाठ करून भागणार नाही

इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिश भाषकांनी फ्रेजल व्हर्बची, म्हणजे 'टर्न ऑफ'सारख्या क्रियापद आणि छोटा शब्द मिळून होणाऱ्या जोड्यांची, यादी पाठ करावी, असा सल्ला दिला जातो. माझ्या मते खरी अडचण रचनेची आहे. स्पॅनिशमध्ये दिशा क्रियापदातच असते: एन्त्रार म्हणजे आत जाणं, सालीर म्हणजे बाहेर पडणं. 'सालियो कोर्रिएन्दो' म्हणजे 'धावत बाहेर पडला', अगदी मराठीसारखंच! इंग्रजीत धावणं क्रियापदात आणि दिशा मागच्या शब्दात: 'रॅन आउट'. म्हणून आधी गो, कम, रन, वॉक आणि इन, आउट, अप, डाउन यांच्या १६ जोड्या हातवारे करत पक्क्या कराव्यात. 'गिव्ह अप' (हार मानणं) सारखे लाक्षणिक अर्थ नंतर.

सर्वांत चिवट चूक सर्वनामाची. 'बंद कर ते' म्हणजे स्पॅनिशमध्ये 'आपागालो'. त्यात 'लो' (ते) शेवटी चिकटतो, म्हणून तोंडून 'टर्न ऑफ इट' निघतं. हवं 'टर्न इट ऑफ'. नाम असेल तर 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' दोन्ही चालतं. 'लुक आफ्टर' (सांभाळणं) मात्र फुटत नाही, तिथे 'लुक आफ्टर इट'च. त्यामुळे प्रत्येक नवी जोडी वहीत सर्वनामासकटच उतरवावी.

शिवाय स्पॅनिशमधल्या 'सोपोर्तार' (सहन करणं) या क्रियापदाच्या ओढीने 'आय कान्ट सपोर्ट हिम' म्हटलं जातं. ऐकणाऱ्याला वाटतं, पाठिंबा नाकारला. सांगायचं असतं, तो सहन होत नाही: 'आय कान्ट पुट अप विथ हिम'.