रुग्णालयाची बाहेरची भिंत कारखान्यातून तयार आणावी का?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा): 2021 च्या तौक्ते वादळात जुन्या रुग्णालयात खिडकीच्या फटीतून पाणी थेट आईच्या खाटेखाली आलं. ते अजून डोळ्यांसमोर आहे. आता आमचा ट्रस्ट पाच मजले नवे बांधतोय. तयार पॅनेल वादळात टिकतील?

उत्तर: काका, टिकतील, पण सगळा जीव सांध्यांत. दुहेरी सील हवं: बाहेरचं पाऊस अडवतं, आतलं हवा, मधे शिरलेलं पाणी पोकळीतून खाली निघून जातं. आयएस 875 भाग 3 (इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे बडोद्यात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर. कोपऱ्यांवर वाऱ्याची ओढ जास्त, तिथले ब्रॅकेट (पॅनेल इमारतीला धरून ठेवणारे आधार) वेगळे गणून घ्या.

आणि पश्चिमेला काच कमी ठेवा, पॅनेलच्या आत रॉकवूल (दगडी तंतूंचा उष्णता अडवणारा थर). एसीचं बिल उतरेल.

प्रश्न: ताई, पॅनेलची पारख कशी करू?

उत्तर: ऑर्डरआधी एक नमुना उभा करून पाण्याचा मारा करायला लावा. स्वतः आत उभे राहा.