मित्राला जुन्या नावाने हाक मारली तर ग्रुप सोडून गेला, लोक जरा जास्तच सेन्सिटिव्ह झालेत का?

वर्तकनगर_जुना:
नमस्कार मंडळी, जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या. आम्ही सहा जण पाचवीपासूनचे मित्र, ठाण्यातल्याच एका शाळेतले, आता कोण घोडबंदरला कोण ऐरोलीला कोण डोंबिवलीला. सगळ्यांना टोपणनावं आहेत. बारक्या, ढापण्या, लाकडी वगैरे, आणि एक डांबर. डांबर का ते सांगायला नको, रंगावरून. मला गेली पाच-सहा वर्षं टकलू म्हणतात, डोक्यावर राहिलेत किती ते मोजता येतील, मी स्वतःच फोनवर "टकलू बोलतोय" म्हणतो, मला काय फरक पडत नाही.

तर गेल्या शनिवारी घणसोलीला एकाच्या पोराचा वाढदिवस होता, सोसायटीच्या हॉलमध्ये. मला पोचायला उशीर झाला (ट्रान्स हार्बरची कृपा), आत शिरल्या शिरल्या लांबूनच ओरडलो, "ए डांबर, केक संपवलास काय रे". सगळे हसले. तो पण हसला. त्याची मुलगी शेजारी उभी होती, तिसरीत आहे, तिने त्याला काहीतरी विचारलं ते मला ऐकू नाही आलं. नंतर तो जेवला, फोटोबिटो काढले, नीट टाटा करून गेला. आणि रविवारी सकाळी बघतो तर ग्रुप लेफ्ट! फोन केला, उचलला नाही. मेसेज केला काय झालं, तर फक्त एवढंच, "पोरीसमोर नको रे."

अरे तीस वर्षं हाक मारतोय. आता लागलं? बायको म्हणते तुझीच चूक, पण ती कायम तेच म्हणते. तुम्ही सांगा.

कांदाबटाटा_गाळा:
भावा तुझी काय चूक नाय. मी वाशी मार्केटला गाळ्यावर मेहताजी आहे, तिथे शिवी म्हणजे हाक असते हाक. माथाडी टोळीतला माणूस पाठीवर ५० किलोची गोणी घेऊन येत असतो आणि कोण मधे उभा असेल तर "कृपया बाजूला व्हा" म्हणणार काय? त्याच्या आईबापाचा उद्धार होतो, तो बाजूला होतो, दहा मिनिटांनी दोघं एकाच कटिंगवर. आजकालच्या पोरांना ऑफिसात कोणी गाढव म्हटलं तरी एचआरला मेल.

एक मात्र आहे, खरं ते सांगतो. आमच्याकडे एकदा एका नव्या पोराने भांडणात दुसऱ्याची जात काढली. पूर्ण टोळी थांबली. गाडी अर्धी खाली झालेली, ड्रायव्हर बोंबलतोय, कोणी गोणीला हात लावेना. मुकादमाने त्या पोराला सगळ्यांसमोर माफी मागायला लावली तेव्हा काम चालू झालं. म्हणजे सगळं चालतं असं पण नाय.

गव्हाळ_म्हणे:
मूळ पोस्टवाल्यांना एकच प्रश्न. ती मुलगी रंगाने कोणावर गेलीये?

आडनाव_सांगत_नाही:
ठाणे कोर्टात वकिली करतो, त्यामुळे असल्या भांडणांचा रोजचा रतीब आहे. "मला अमुक म्हणाला, केस टाका" म्हणून लोक येतात. त्यांना सांगावं लागतं की नुसतं वाईट वाटलं म्हणून गुन्हा होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२ (जुन्या दंडविधानात ५०४ होतं) लागायला तो अपमान मुद्दाम केलेला हवा, आणि त्यामुळे समोरचा भडकून शांतता मोडेल हे माहीत असूनही केलेला हवा. वरच्या मेहताजींनी सांगितलं त्या पोराचं प्रकरण मात्र वेगळं. समोरचा अनुसूचित जाती-जमातीचा असेल, शिवी देणारा नसेल आणि चारचौघांत जातीवरून बोलला असेल तर १९८९ चा अॅट्रॉसिटीचा कायदा आहे, तिथे "गंमत केली" म्हणून सुटका नाही. आणि कॉलेजमधल्या पोरांना माहीत नसतं, पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगबंदी कायद्यात चिडवणं सुद्धा येतं.

तुमच्या डांबरला यातलं काही लागू नाही, घाबरू नका.

राहता राहिलं टोपणनाव. मराठी माणूस मुळात या बाबतीत दगडच. आडनावंच बघा, काळे, टकले, बहिरे, लंगडे, वाकडे. शरद बोबडे २०१९ ला देशाचे सरन्यायाधीश झाले, कोणाला त्या आडनावात काही वाटलं का? माझं स्वतःचं आडनाव याच जातकुळीतलं आहे, कुठलं ते विचारू नका. पण ते बापाचं आहे, रेशनकार्डावर आहे, घरात सगळ्यांचं तेच आहे. हजेरीला वर्ग हसायचा तेव्हा राग त्या हसण्याचा यायचा.

घणसोली_गाववाला:
आमच्याच गावात येऊन हा घोळ घातलास होय 😄

मी आगरी. आमच्यात आजोबाला पण "तू", आमदाराला पण "तू", त्यात अपमान कसला. ठाण्याच्या शाळेत गेलो तेव्हा पहिल्या आठवड्यात बाईंना "तू" म्हणालो आणि उभा राहिलो तास संपेपर्यंत. आम्ही पाणीला पानी म्हणतो, डोळ्याला डोला. दहावीपर्यंत माझं नाव "पानी" होतं. वर्गात तहान लागली तरी मी बाईंना विचारायचो नाय, कारण तो शब्द तोंडातून काढावा लागला असता. हे आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितोय. माझ्या पोरीला आता ण नीट येतो आणि ती घरी आजीला हसते, ते मला त्याच्याहून जास्त लागतं.

बाकी नावाचं महत्त्व आम्हाला शिकवू नका, २०२१ ला नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून बेलापूरला सिडकोवर मोर्चा घेऊन गेलेली माणसं आहोत.

कांदाबटाटा_गाळा:
गाववाले, लय बेक्कार वाटलं वाचून.

गव्हाळ_म्हणे:
मूळ पोस्टवाले गायब झाले वाटतं. तोवर मी सांगते मी का विचारलं. मला लहानपणी आत्या "काळूबाई" म्हणायची, लाडाने हं, खाऊ पण तीच द्यायची. माझ्या हळदीला तीच म्हणाली जरा जास्त लावा गं, उजळेल. सगळ्या बायका हसल्या, मी पण हसले. फेअर अँड लव्हलीचं २०२० मध्ये ग्लो अँड लव्हली झालं पण आमच्या घरी लग्नाच्या बायोडेटात अजून "गव्हाळ" लिहितात, सावळी लिहायची हिंमत नाही कोणाची. मी सगळं ऐकून घेतलं, सवय झालेली. पण माझ्या लेकीच्या बारशाला आत्या पाळण्यात वाकली आणि म्हणाली "हिने आईचा रंग घेतला गं बाई", त्या दिवशी मी तिला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. सगळ्यांनी मलाच विचारलं, आज एवढं काय झालं तुला?

वर्तकनगर_जुना:
गायब नाही, ऑफिसला होतो. ताई, हो. ती अगदी त्याच्यावर गेलीये.

काल रात्री उचलला त्याने फोन. त्याआधीचा एक प्रकार सांगतो, नंबर शोधायला मी त्याचं खरं नाव टाकलं तर निघेना. मग लक्षात आलं, सेव्हच डांबर म्हणून आहे. तीन फोन बदलले, नाव तेच.

म्हटलं काय झालं बाबा. तर म्हणाला मुलीने विचारलं, "बाबा, मला पण मोठी झाल्यावर असंच म्हणतील का?" हॉलमधून घरी जाईपर्यंत तोच प्रश्न विचारत होती. मग मी नेहमीसारखं बोलून गेलो की अरे पण तुला कधी लागलं नाही ना. तर म्हणतो, "लागायचं की. पण तुम्ही पाच जण सोडून दुसरं कोण होतं मला खेळायला?"

आणि ते नाव आम्ही ठेवलंच नव्हतं, हे पण त्यानेच आठवण करून दिली. पाचवीत शाळेसमोरचा रस्ता होत होता आणि सर खिडकीतून बघून म्हणाले होते, याला उभा केला तर डांबर कमी लागेल. आम्ही फक्त ते उचललं. माझं टकलू मला पस्तिशीनंतर मिळालं, तेव्हा नोकरी, घर, बायको सगळं झालं होतं. तो दहा वर्षांचा होता.

ग्रुपमध्ये परत आलेला नाही, मी पण आग्रह नाही केला. रविवारी तलावपाळीला भेटतोय, मुलीला घेऊन येतो म्हणाला, तिला बोटीत बसायचंय. आता खरी पंचाईत ही की त्याला हाक काय मारू? आडनावाने मारली तर ऑफिसातला वाटतो, आणि नावाने मी त्याला जन्मात कधी हाक मारलेली नाही. काल आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं, जीभच वळेना.

घणसोली_गाववाला:
"अरे" म्हण. "अरे"त काय कोणाचं जात नाय. आणि बोटीचे पैसे तू दे.