शाळेच्या छपराला १,८०,००० लागतायत, घरपट्टी वाढवावी का?

खाडीकाठचा_रिक्षावाला
नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला खाडीकाठी आमचं गाव. जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, पट १७. यंदा शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलंय, कारण सभेला मी उशिरा पोचलो.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात शाळेची अर्धी कौलं उडाली. गावच्या मुंबईतल्या मंडळाने पत्रे पाठवले, ते आम्ही जुन्याच वाशांवर ठोकले. आता वासे वाळवीने खाल्लेत. पावसात तिसरीची पोरं बसतात तिथे बादली ठेवावी लागते. मिस्त्री १,८०,००० सांगतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान वर्षाला १०,०००, आणि त्यातच खडू, वीजबिल, फिनेल. पट ३० च्या वर होता तेव्हा २५,००० यायचे. पोरं निम्मी झाली म्हणून छप्पर निम्मं झालंय का?

१ मेच्या ग्रामसभेत घरपट्टीबरोबर प्रत्येक घराकडून ५०० रुपये शाळेसाठी घ्यायचे असं सरपंचांच्या मनात आहे. चाकरमानी तेव्हा गावात असतात, म्हणजे भांडण ठरलेलं. असं लावता येतं का? आणि लावावं का?

नालासोपारा_टू_गाव
भांडणारा चाकरमानी हजर आहे! गावचं घर वर्षातले साडेतीनशे दिवस बंद. गणपतीत आरती सुरू व्हायच्या आधी ग्रामपंचायतीचा शिपाई पावतीबुक घेऊन ओटीवर बसलेला असतो, त्याला कधी रिकामा पाठवलेला नाही. पण इथे माझ्या आयकरावर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर, फ्लॅटच्या मालमत्ता करात शिक्षण कर वेगळा, वर मंडळाची वर्गणी. ते पत्रेसुद्धा अशाच वर्गणीतून येतात. एकाच शाळेसाठी माणसाने किती खिडक्यांवर पैसे भरायचे?

निवृत्त_ग्रामसेवक
आधी पावती बघा. घर, दिवाबत्ती, आरोग्य, पाणी असे रकाने दिसतील, शाळेचा नाही. तेव्हा ५०० घ्यायचेच तर लोकवर्गणी म्हणा, पावती वेगळी फाडा आणि कुणाचा दाखला त्यासाठी अडवू नका.

नालासोपारकर, तुमचा शिक्षण कर शहरातल्या घरांवरचा. महापालिका तो गोळा करून शासनाकडे भरते. गुरुजींचा पगार जिल्हा परिषदेमार्फत झाला तरी पैसा राज्याचाच. समग्र शिक्षात केंद्र ६० टक्के, राज्य ४०. म्हणजे तुमचे पैसे शाळेपर्यंत येतात, पण डोकी मोजून येतात. कौलं कोणी मोजत नाही. लहान वाड्यांच्या कोकणात हा हिशेब नेहमीच अंगावर येतो.

आता तुमच्या गावातच असलेल्या पैशाचं बोलू. वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीला येतो, त्यातला बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचा, भाग पाणी आणि स्वच्छतेचा. अबंधित भागातून शाळेची दुरुस्ती करता येते, मात्र काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात हवं. दुसरं, जमिनीच्या खरेदीखतावर १ टक्का जादा मुद्रांक शुल्क असतं. ते जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतींना निम्मं निम्मं अनुदान म्हणून मिळतं. तुमच्याकडे डोंगर विकले गेलेच असतील. ग्रामपंचायतीचं दप्तर उघडायला लावा, आजवर किती आलं आणि कुठे गेलं ते विचारा. माझ्या एका गावात आम्ही त्यातून स्वागतकमान बांधली. ठरावावर सही माझी आहे, म्हणून सांगतो.

आणि मिस्त्रीचा आकडा सभेत नेऊ नका. पंचायत समितीच्या अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घ्या. शिक्षण हक्क कायद्याने शाळा विकास आराखडा करणं हे तुमच्याच समितीचं काम आहे, त्यात छप्पर पहिल्या नंबरावर घाला.

आंबेवाली
आमच्या वाडीची शाळा पट ४ झाल्यावर बंद झाली. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं नियम सांगतो. माझी पहिलीतली पोर तीन किलोमीटर जाते, तेही घाटीने. आम्हीपण ५०० वरून दोन ग्रामसभा भांडलो होतो. आता रिक्षाला महिन्याला ९०० मोजते, आणि ते कुठल्याच पावतीवर दिसत नाहीत.

खाडीकाठचा_रिक्षावाला
ताई, ते ९०० घेणारा इकडे मीच आहे. पहिल्यांदा लिहिताना हे टाळलं होतं. माझ्या रिक्षातून गावातली पाच पोरं फाट्यापलीकडच्या इंग्रजी शाळेत जातात. पाच घरं, ९०० रुपये, दहा महिने, म्हणजे ४५,०००. आमच्या शाळेच्या अनुदानाच्या साडेचार पट. ती पाच इथे असती तरी पट २२ च झाला असता आणि १०,००० च आले असते, हेही खरं. पण सभेत कुणी विचारलं, तर अध्यक्ष म्हणून बोलू की रिक्षावाला म्हणून, अजून ठरत नाहीये.

भाऊ, दप्तर बघायला सोमवारी जातो. कमान आमच्याकडेही आहे, गेल्याच वर्षी झाली. अंदाजपत्रकाच्या अर्जावर सही माझी लागेल की शाळेच्या मुख्याध्यापक बाईंची?

निवृत्त_ग्रामसेवक
दोघांची करा, बाई समितीच्या सचिव आहेत. ठरावाची नक्कल जोडा. आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.