बिना सहीची पत्रं, ब्लँक कॉल, लपवलेली नावं : तुमचे अनुभव लिहा

गिरणाकाठ :
दिवाळीची साफसफाई चालूय. माळ्यावर वडलांच्या कागदांत एक बैरंग पत्र सापडलं आणि सगळं आठवलं. आत्याचं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांना आलेलं, सही नाही, अक्षर मुद्दाम वाकडं काढलेलं. "मुलीला फिट येतात, नंतर रडाल." आत्याला आजपर्यंत एकदाही फिट आली नाही! तिकीट लावलेलं नव्हतं म्हणून त्या लोकांनी दुप्पट पैसे भरून ते सोडवलं होतं. पण आत्याचे सासरे पत्र घेऊन सरळ आमच्या ओट्यावर आले, आजोबांच्या हातात दिलं, म्हणे लोकांना कशाला विचारू, तुम्हालाच विचारतो. लग्न झालं, नातवंडं झाली. त्या माणसाबद्दल मला अजून फार आदर आहे. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा, फक्त कोणाचं खरं नाव टाकू नका.

भुसावळ_जंक्शन :
वडील आरएमएसला, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत होते. ते सांगायचे असली पत्रं टाकणारे मुद्दाम स्टेशनवरच्या पेटीत टाकतात, मग शिक्का आरएमएसचा बसतो, गावच्या पोस्टाचा नाही, कुठून आलं कळतच नाही. सगळ्यात वाईट पोस्टकार्ड, कारण ते घरी पोचेस्तोवर गल्लीभर वाचून झालेलं असायचं.

अमळनेरची_लेक :
माय वं, फिट!! आमच्या शेजारच्या ताईचं तर मोडलंच. कोड आहे म्हणून लिहिलं होतं. कोणी येऊन बघितलंसुद्धा नाही, सरळ निरोप पाठवला.

भुसावळ_जंक्शन :
वाईट वाटलं वाचून. ताई आता बऱ्या आहेत ना?

अमळनेरची_लेक :
हो, नाशिकला असते, शिक्षिका आहे, मस्त चाललंय

केळीबाग :
आमच्याकडे फोन. लँडलाइनचे दिवस, जेवायला बसलं की रिंग, उचलला की नुसता श्वास. काका शिव्या घालायचे, पण काकू दर वेळी विचारायची, "बोला ना भाऊ, काही अडचण शे का?" तिचं म्हणणं, खरंच कोणी अडचणीतला असला तर? कॉलर आयडीचं डबडं आणलं आणि कॉल बंद झाले. काकू आता नाही, पण फोनवर कसं बोलायचं ते मी तिच्याकडूनच शिकलो.

धुळेकरीण :
मी उलटं लिहिते. होस्टेलच्या मागच्या बोळात रात्री एक माणूस उभा राहायचा आणि तिथला दिवा कायम बंद. तक्रारपेटीत नाव लिहून टाका म्हटलं असतं तर एकीनेही टाकलं नसतं, घरी कळलं की शिक्षण बंद, हे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही बिना नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या, शिवी एक नाही, फक्त वार, वेळ, जागा. दिवा लागला, माणूस गायब. नाव लपवणारा प्रत्येक जण भित्रा नसतो हो, मुलींना विचारा. लहान मुलांसाठीचा मदतीचा नंबर १०९८ लावला तरी आपलं नाव सांगायची सक्ती नाही, ते काय उगाच?

निवृत्त_कारकून :
धुळेकरीण, शंभर टक्के बरोबर. मी कचेरीत निनावी अर्जांचे गठ्ठे पाहिलेत, बहुतेकांत बढतीचा राग. केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ साली निनावी तक्रारींवर कारवाई नको असं सांगितलं. मग २००४ च्या ठरावाने वाट निघाली, नाव आयोगाला द्यायचं आणि आयोगाने ते गुप्त ठेवायचं. आणि नाव लपवून धमकी दिली तर जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ५०७ होतं, आता न्याय संहितेत ३५१(४), धमकीच्या शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद.

गिरणाकाठ :
काका, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. धुळेकरीण, तुमचं वाचून अंगावर काटा आला.

केळीबाग :
लग्नाचा विषय निघालाच आहे तर, खापरावरचे मांडे करणाऱ्या कोणी मावशी माहीत आहेत का? बहिणीचं लग्न आहे. नंबर टाका ना.

अमळनेरची_लेक :
आहेत, पण त्यांना विचारल्याशिवाय सगळ्यांसमोर नंबर टाकत नाही. विचारून तुम्हाला वेगळा मेसेज करते. किती माणसांचं जेवण ते कळवा, आणि भरीत ठेवणार असाल तर वांगी बामणोदचीच आणा.