आठ मार्चला साडी-नारळ, की सातबाऱ्यावर नाव?

पऱ्हाटी:
आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ८ मार्चला, महिला दिनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांचे सत्कार होतात. साडी, नारळ, शाल, कधी शिलाई मशीन. भाषणात 'खंबीर' हा शब्द दहादा येतो. मी या घरांच्या कागदपत्रांचं काम करते. यंदा मी सत्काराला गेले नाही.

बाई खंबीर आहे असं एकदा ठरलं की बाकीचे मोकळे होतात, हे मी घराघरात पाहिलंय. शासनाची मदत १ लाख, त्यातले ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. तीही प्रकरण 'पात्र' ठरलं तरच. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही म्हणून पीककर्ज नाही. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस घालायचा तरी सातबारा लागतो. मग माल दिराच्या नावावर जातो आणि पैसेही त्याच्याच खात्यात पडतात. तिने पेरलं, निंदलं, वेचलं, आणि शेवटी हात पसरायचा. माझं म्हणणं एवढंच की आधी सातबाऱ्यावर तिची वारस नोंद करा, मग हार घाला.

बांधावरचा:
ताई, दुसरी बाजूही ऐका. माझा धाकटा भाऊ गेला. त्याच्या नावावर अडीच एकर वावर आहे. भावजय अठ्ठावीस वर्षांची. उद्या तिने दुसरं लग्न केलं, वावर विकलं, तर माझ्या आईने कुणाकडे पाहायचं? मुलगाही गेला आणि मातीही गेली, असं होईल. कुटुंबाचं भलं म्हणताना म्हातारी माणसं तुमच्या हिशेबात कुठे आहेत? नाव लावलं की घर फुटतं, हे मी भावकीत पाहिलंय.

पऱ्हाटी:
भाऊ, तुमची काळजी खरी आहे, पण कायद्यात तुमच्या आईला जागा आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे, मुली आणि आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. वारस नोंद झाली तर आईचंही नाव लागेल. नोंद थांबवून तुम्ही भावजयीइतकंच आईलाही बाहेर ठेवताय. आणि नोंद म्हणजे वाटणी नव्हे, जमीन सामाईकच राहते. दुसऱ्या लग्नाचं म्हणाल, तर वारसाने एकदा मिळालेला हिस्सा लग्न केल्याने जात नाही. जाऊही नये.

शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या पुढाकाराने 'लक्ष्मीमुक्ती' चालवली तेव्हा नवऱ्यांनी हयातीतच बायकोच्या नावावर जमीन केली होती. त्या घरांनी काही गमावलं असं मला वाटत नाही.

पंचगंगाकाठ:
मला सत्काराबद्दल बोलायचंय. तो एवढा हलका लेखू नका. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातली. २०२१ च्या कोरोनात वडील गेले. आईने आयुष्यभर ज्यांच्या घरी वाण दिलं, त्यांनीच संक्रांतीला तिला टाळलं. मग मे २०२२ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. पुढच्या हळदीकुंकवाला आईला बोलावणं आलं. घरी येऊन ती कपाळावरच्या कुंकवाला हात लावून रडली. त्या दिवशी कुणी तिला सातबारा दिला असता, तर ती कदाचित रडली नसती, पण हसलीही नसती. माणसाला चारचौघांत बसायला जागा लागते, पऱ्हाटीताई. कागद त्यानंतर.

एकटीच:
मी अशा सत्कारात शाल घेतलेली बाई आहे. शाल पेटीत आहे. वाईट वाटलं नाही घेताना, खोटं कशाला बोलू. पण मला खंबीर म्हणू नका. तसं म्हटलं की रडायची चोरी होते.

मला कशाने धरून ठेवलं ते सांगते. पहिल्या हंगामात शेजारच्या काकांनी न विचारता बैल आणून डवरणी करून दिली. वेचणीच्या दिवसांत जाऊबाईंनी माझ्या दोन्ही पोरी दोन महिने सांभाळल्या. त्या दोन महिन्यांत मी रात्री झोपले. मोठी मुलगी बोलेनाशी झाली होती. गावातल्या आशा सेविकाताईंनी टेलीमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला, मराठीत बोलता येतं म्हणाल्या. मीच आधी बोलले, मग पोर बोलली. नवरा जाण्याआधी त्याला असं कुणी विचारलं असतं तर, हा विचार अजून जात नाही.

बांधावरचा:
आईचं नाव लागतं हे मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, सगळं एकट्या भावजयीकडे जातं. उद्या घरी बोलतो. पण वावर विकायची वेळ आली तर आधी भावाला विचारावं, यावर मी ठाम आहे. ती आमच्या बापाची जमीन आहे.

पऱ्हाटी:
विचारावं, हे मान्य. पण तिने 'नको' म्हटलं तर तेही तुम्ही ऐकायचं.

पंचगंगाकाठ, तुमच्या आईचं वाचून मी माझं पहिलं वाक्य बदललं असतं. तरी क्रमाबद्दल आपलं जमणार नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं पुढच्या वर्षी गाव फिरवू शकतं, मंजूर झालेला फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावातला बदल, असा सहज फिरवता येत नाही.

एकटीच:
ताई, तीन वर्षं झाली माझ्या माणसाला जाऊन. कापूस अजून दिराच्याच नावावर जातो. आता होते का नोंद?

पऱ्हाटी:
होते. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. मृत्यूचा दाखला, सातबारा आणि सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज करा. दोन्ही पोरींची नावं विसरू नका. पोच घेतल्याशिवाय उठू नका.