जुन्या ८०० चे ब्रेक: कंपनीचे पार्ट की बाहेरचे?

दापोली_८००
मारुती ८००, मॉडेल २००५, पुढे डिस्क, मागे ड्रम. पावसाळ्यात बहुतेक उभीच असते. मागचं डावं व्हील सिलेंडर (चाकात ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा पार्ट) पाझरतंय, लायनर (ड्रमला घासणारे पट्टे) ऑइलने ओले झालेत. पुढचं उजवं चाक थोडं चाललं की तापतं. खालचे ब्रेक पाइप क्लिपांजवळ गंजून फुगलेत. फिटर म्हणतो सगळं बाहेरचं टाकू, निम्म्यात काम होईल. घरचे म्हणतात कंपनीचंच घ्या. गाडी खेड-चिपळूणला जाते, अधूनमधून कुंभार्ली घाटातून कराडला. काय कुठलं घ्यावं?

पाना_बारा
सरसकट एकच उत्तर नाही, पार्ट बघून ठरवा. गाड्यांच्या कंपन्या ब्रेकचे बरेच पार्ट ब्रेक बनवणाऱ्यांकडूनच घेतात आणि ते उत्पादक स्वतःच्या खोक्यातही माल विकतात. ब्रेक्स इंडियाचा टीव्हीएस गर्लिंग, लायनरमध्ये राणे किंवा सुंदरम, हे बाहेरचं असलं तरी लोकल नव्हे. ज्या खोक्यावर ना उत्पादक, ना नंबर, ते लोकल.

ज्यात ऑइल खेळतं ते (व्हील सिलेंडर, पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलेंडर म्हणजे मास्टर, रबरी नळी म्हणजे होज) कंपनीचं किंवा अशा उत्पादकाचंच. ड्रम आणि डिस्क प्लेट चांगल्या नावाची बाहेरची चालते.

लायनर आणि डिस्कच्या पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरांचा कोड बघा. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. पहिलं अक्षर थंड असतानाचं, दुसरं गरम झाल्यावरचं. एफएफ घ्या. एफई असेल तर तापल्यावर पकड उतरते, म्हणजे नेमकी घाटात. मागे जीजी आणि पुढे एफएफ असंही नको, ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतील. कोडवरून टिकाऊपणा मात्र कळत नाही. ओले झालेले लायनर घासून-भाजून परत लावू देऊ नका. शू (ज्यांवर लायनर बसतात) दोन्ही बाजूंचे बदला.

हर्णै_वारा
वरच्यात एक भर. ८०० बनणं २०१४ च्या जानेवारीत थांबलं. त्यामुळे कंपनीच्या सीलबंद खोक्यातला रबरी माल कपाटात कित्येक वर्षं पडलेला असू शकतो. तारीख बघा. चार-पाच वर्षांपूर्वीचा होज किंवा किट (सिलेंडरच्या आतल्या रबरी पार्टचा संच) मी तरी कंपनीचा असला तरी परत करीन आणि चांगल्या नावाचा ताजा घेईन.

पुढचं चाक तापतंय त्यावर पार्ट घ्यायच्या आधी तपासणी. चाक जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा. चाक जाम राहिलं तर कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) निपल, म्हणजे एअर काढायचा छोटा स्क्रू, ढिलं करा. तरीही सुटलं नाही तर पिस्टन किंवा स्लाइड पिना गंजल्यात. सुटलं तर आत प्रेशर अडकलंय. निपल आवळून पुन्हा दाबा आणि आता होजच्या वरचा, लोखंडी पाइपचा जॉइंट ढिला करा. इथे सुटलं तर दोष वर मास्टरकडे. इथे सुटत नाही आणि निपललाच सुटतं, तर होज आतून फुगून ऑइल परत जाऊ देत नाहीये. एकच चाक तापतंय म्हणजे बहुधा कॅलिपर नाहीतर होज.

रसायनी_फिटर
व्हील सिलेंडर अख्खं कशाला? किट टाका, पंधरा मिनिटांचं काम. सगळेच असेंब्ली विकायला बसलेत.

पाना_बारा
बोअर (सिलेंडरची आतली भिंत) गुळगुळीत असेल तर किट पुरतं, मान्य. पण उभ्या गाडीत ऑइलने शोषलेल्या पाण्याने सिलेंडर आतून गंजतो आणि खड्डे पडतात. कप (आतली रबरी वाटी) काढून, बोअर पुसून नख फिरवा. नख अडकलं की नवा कप काही दिवसांत पुन्हा पाझरणार. समुद्रालगत ती शक्यता जास्त, म्हणून मी अख्खं सांगतो. आणि किट टाकताना पेट्रोल, रॉकेलने धुऊ नका, रबर फुगतं. ताजं ब्रेक ऑइल नाहीतर स्पिरिट.

हर्णै_वारा
पाइप: साधा तांब्याचा टाकू देऊ नका, थरथरीने कडक होऊन तडकतो. तांबं-निकेलचा मिळाला तर उत्तम, खाऱ्या हवेत गंजत नाही. नाहीतर लेप असलेला स्टीलचा. तोंड दुहेरी फ्लेअरचं (कडा दोनदा दुमडून पसरवलेलं) हवं, एकेरी फाटतं. नट जुन्यासारखेच हवेत. क्लिप बसते तिथे माती आणि मीठ साचतं म्हणून गंज तिथूनच सुरू होतो, त्या जागी रबरी नळीचा तुकडा घाला.

एअर (ऑइलमध्ये अडकलेली हवा) काढताना जुन्या मास्टरचं पेडल तळापर्यंत दाबायचं नाही. रोज न वापरलेल्या भागात गंज असतो, त्यावरून कप गेला की फाटतो आणि चांगला मास्टरही निकामी होतो. पेडलखाली लाकडाची फळी ठेवा. मास्टरपासून लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं.

दापोली_८००
ब्रेक ऑइल कुठल्या दर्जाचं, डॉट ३ की ४?

पाना_बारा
ऑइलच्या डब्याच्या झाकणावर लिहिलंय ते. डॉट ३ च्या जागी ४ चालतं: नवं असताना उकळबिंदू किमान २०५ च्या जागी २३० अंश, पाणी शोषल्यावर १४० च्या जागी १५५. डॉट ५ सिलिकॉनचं, ते यात कधीच नको. आपल्या दमट हवेत दरवर्षी बदला, फोडलेली बाटली पुढच्या वर्षाला ठेवू नका. पावसाळ्यात गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नका, शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.